दुपारी चारची साखर

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांना मधुमेह जडून बारा वर्षे झाली होती. गोळ्या वेळच्या वेळी, संध्याकाळचे फिरणे न चुकता, चहा बिनसाखरेचा. मग मानेत गाठ आली. तपासणीत लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, निघाला आणि उपचार सुरू झाले. दर एकवीस दिवसांनी शिरेतून औषधे द्यायची आणि त्या प्रत्येक फेरीचे पहिले पाच दिवस सकाळी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घ्यायच्या, असा तो क्रम होता. घरात साखर तपासण्याचे यंत्र होते. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी तपासायचे, हा बारा वर्षांचा परिपाठ. आकडा ११२, ११८ असा येई आणि सगळे निर्धास्त होत.

पण बाईंना दुपारनंतर घसा कोरडा पडेपर्यंत तहान लागे, रात्री चार-चार वेळा उठावे लागे. एकदा दुपारी चार वाजता नातवाने सहज म्हणून त्यांच्या बोटाचा थेंब यंत्रावर घेतला. आकडा आला ३६८.

घरच्यांनी काढलेला निष्कर्ष साधा होता: बाई चोरून गोड खातात. भात बंद झाला. कर्करोग साखरेवरच पोसला जातो असे कोणीतरी सांगितले, तेव्हा दोन भाकऱ्यांची एक झाली. आधीच औषधांनी तोंडाची चव गेलेली, त्यात हा पहारा. महिन्याभरात बाईंचे वजन पाच किलोंनी उतरले.

बाईंनी गोड खाल्ले नव्हते. मग सकाळी शहाण्यासारखी वागणारी साखर दुपारी कुठून येत होती? ही गोष्ट उलगडायची तर आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल. मधुमेह आणि कर्करोग यांचे इतिहास आपण वेगवेगळे वाचतो, पण हे दोन प्रवाह काही ठिकाणी असे एकमेकांत मिसळले आहेत की एकाचे औषध दुसऱ्याचे कारण होऊन बसते.

सुरुवात शाळेच्या प्रयोगशाळेपासून करू. कपाटात निळ्या द्रावणाची बाटली असते, तिच्यावर बेनेडिक्ट असे नाव असते. स्टॅनले बेनेडिक्ट हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी हे द्रावण तयार केले. मोरचूद, सोडियम सायट्रेट आणि सोडियम कार्बोनेट यांच्या मिश्रणात ग्लुकोज घालून उकळले की निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी होत होत विटकरी होतो. विद्यार्थ्यांना आपण ही शर्करेची परीक्षा म्हणून दाखवतो. पण कित्येक दशके मधुमेहाच्या रुग्णाची रोजची पारख याच रंगांवर होत असे. रक्त नव्हे, लघवी उकळून पाहायची. यात एक मोठी उणीव होती. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंडे ती लघवीत सोडत नाहीत. शिवाय लघवी आत्ताचे सांगत नाही, गेल्या काही तासांचे सांगते. साखरेला वेळ असते, ती घड्याळाप्रमाणे चढते-उतरते, ही गोष्ट या परीक्षेत पुसली जाई. पुढे हाच मुद्दा आपल्याला लागणार आहे.

त्या काळात उपचार एकच होता, उपासमार. न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो पद्धतशीर मांडला. लघवीतली साखर नाहीशी होईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचे, मग मोजून-मापून थोडे अन्न द्यायचे. ॲलन क्रूर नव्हते. त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते, आणि या मार्गाने काही मुले आणखी दोन-तीन वर्षे जगली हेही खरे. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेतील एका बड्या राजकारण्याची मुलगी त्यांपैकी एक. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला डॉ. बँटिंग यांच्याकडे पोहोचली तेव्हा पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे वजन होते ४५ पौंड, म्हणजे सुमारे वीस किलो. बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या आणि मॅक्लाउड व कॉलिप यांच्या साहाय्याने तडीस नेलेल्या कामातून इन्सुलिन हाती आले होते. एलिझाबेथ वाचली, तिचे लग्न झाले, मुले झाली. १९८१ पर्यंत ती जगली. उपासमारीचा अध्याय मधुमेहापुरता तिथे मिटला.

मिटला असे म्हणायचे खरे, कारण त्याच सुमारास बर्लिनमध्ये दुसऱ्या एका उपासमारीची बीजे नकळत पेरली जात होती. ऑटो वारबुर्ग हे पेशींच्या श्वसनाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. उंदरांच्या गाठींचे अतिशय पातळ काप घेऊन ते किती ऑक्सिजन आणि किती ग्लुकोज वापरतात हे त्यांनी मोजले. निरोगी ऊतीला ऑक्सिजन मिळाला की ती ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन करते. कर्कपेशी मात्र ऑक्सिजन मुबलक असतानाही ढीगभर ग्लुकोज ओढून घेत आणि त्याचे अर्धवट विघटन करून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत. निरीक्षण अचूक होते. वारबुर्ग यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते मात्र श्वसनातील विकराच्या कामासाठी, या निरीक्षणासाठी नव्हे. श्वसनातील बिघाड हेच कर्करोगाचे मूळ कारण, हे मत त्यांनी १९५६ सालीही ठासून मांडले. आज आपल्याला माहीत आहे की मूळ बिघाड जनुकांत असतो. साखरेची ही हाव बहुतांशी त्याचा परिणाम असते.

या हावेचा उपयोग मात्र सुरेख झाला. ग्लुकोजच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो शिरेतून दिला, तर तो जास्तीत जास्त ओढून घेणारी ठिकाणे बाहेरून टिपता येतात. १९७६ मध्ये असे द्रव्य प्रथम माणसाला देण्यात आले आणि त्यातूनच पुढे कर्करोगाच्या रुग्णांना परिचित असलेला पेट स्कॅन आला. मधुमेही माणसाचे इथेही वेगळेच असते. रक्तात आधीच साखर भरपूर असेल तर खुणेचे ग्लुकोज आणि साधे ग्लुकोज यांची पेशीच्या दारात रेटारेटी होते आणि चित्र फिके येते. म्हणून स्कॅनच्या सकाळी साखर साधारण २०० च्या आत असावी लागते. आयत्या वेळी इन्सुलिन टोचून ती उतरवावी, तर खुणेचे ग्लुकोज स्नायूंत शिरते आणि गाठीऐवजी दंड-मांड्याच चमकू लागतात. मेटफॉर्मिन घेणाऱ्याचे आतडे चमकते. तपासनीस आदल्या दिवशी खोदून खोदून प्रश्न विचारतात, ते उगीच नव्हे.

पण वारबुर्गच्या निरीक्षणावरून, गोड बंद केले की गाठ उपाशी मरेल, असा जो निष्कर्ष घरोघर काढला जातो त्याचे काय? येथे विद्यार्थ्यांबरोबर एक हिशेब करून पाहावा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त. दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम साखर धरली तर सगळ्या रक्तात मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचाभर साखर झाली. एकट्या मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. माणूस जेवला नाही तरी हा चमचा रिता होत नाही, कारण यकृत तो भरत राहते. साठा संपला की स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांपासून ग्लुकोज बनवते. म्हणजे भाकरी काढून घेतल्याने गाठ उपाशी राहत नाही, दंड वाळतात. मधुमेह्याने साखर-गूळ बेताने घ्यावा हे आहेच, पण उपचार चालू असताना वजन घटू देणे हा कर्करोगावरचा इलाज नव्हे.

आता बाईंच्या दुपारी चारच्या साखरेकडे वळू. या कथेचा नायक, किंवा खलनायक म्हणा, एक रेणू आहे.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आपण शरीरशास्त्रात शिकतो. १९३६ साली अमेरिकेत लाँग आणि ल्युकेन्स यांनी मांजरांवर एक प्रयोग केला. स्वादुपिंड काढलेल्या मांजराला तीव्र मधुमेह होतो. त्याच मांजराच्या अधिवृक्क ग्रंथीही काढल्या तर हा मधुमेह चक्क सौम्य होतो असे त्यांना दिसले. म्हणजे साखर केवळ इन्सुलिनच्या अभावाने चढत नाही. तिला वर ढकलणारे काहीतरी अधिवृक्क ग्रंथीतून येते. अर्जेंटिनाचे बर्नार्डो हौसे यांनी मस्तिष्कातील पीयूषिका ग्रंथीबद्दल असेच दाखवून दिले होते. त्यांना १९४७ चे नोबेल मिळाले.

ते ‘काहीतरी’ काय असावे? मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल अधिवृक्क ग्रंथीच्या अर्कातून एकेक संयुग वेगळे करत होते आणि त्यांना अ, ब, क सारखी अक्षरे देत होते. त्यांतले संयुग ‘ई’ महत्त्वाचे. १९४१ साली ड्वाइट इंगल यांनी ते धडधाकट उंदरांना दिले; उंदरांच्या लघवीत साखर उतरली. १९४४ साली हाइलमन आणि केंडॉल यांनी तेच संयुग उंदरातील लसिकापेशींच्या गाठीवर वापरले. गाठीची वाढ रोखली गेली. येथे क्षणभर थांबावे. एकच संयुग, तीन वर्षांचे अंतर, दोन प्रयोग: एकात ते मधुमेह आणते, दुसऱ्यात कर्करोगाला आवरते. पुढच्या ऐंशी वर्षांत रुग्णशय्येजवळ जे घडणार होते त्याचा सारा आराखडा या दोन प्रयोगांत होता. पण दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचायचे त्या वेळी फारसे कोणाला कारण नव्हते.

कारण सर्वांचे लक्ष लवकरच तिसरीकडे गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमधील फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला संयुग ‘ई’ टोचले. काही दिवसांत ती चालू लागली. हे संयुग म्हणजेच कॉर्टिसोन. बैलाच्या पित्तापासून तिसाहून अधिक पायऱ्यांनी ते बनवावे लागे, त्यामुळे सुरुवातीला ते सोन्याहून दुर्मीळ होते. १९५० चे नोबेल हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना मिळाले. या गदारोळात १९४९ साली न्यूयॉर्कमधून बातमी आली की लसिकापेशींच्या कर्करोगाच्या माणसांतही कॉर्टिसोनने गाठी विरघळतात. काही आठवड्यांनी त्या परत येत, पण विरघळत खऱ्या. आदल्याच वर्षी बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना तात्पुरता आराम दिला होता. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. एकेकटे औषध अपुरे, पण जोडीने दिली तर? या विचारातून पुढच्या पंचवीस वर्षांत औषधांचे ते संच जन्मले, ज्यांची नावे आद्याक्षरे जुळवून बनतात. १९५५ साली कॉर्टिसोनहून चार-पाच पट प्रभावी असे प्रेडनिसोन बाजारात आले होते. मॉप असो की चॉप, शेवटचे ‘प’ त्याचे आहे. बाईंना दिलेल्या संचातही तेच होते. प्रेडनिसोलोन हे त्याचे शरीरात बनणारे कार्यक्षम रूप.

हे औषध साखर का चढवते, याचे उत्तर त्याच्या वर्गाच्या नावातच आहे: ग्लुकोकॉर्टिकॉइड. संकटात, उपासात, दुखापतीत शरीराला इंधन कमी पडू नये म्हणून स्नायू मोडून यकृताकरवी ग्लुकोज बनवून घेणे आणि इतर पेशींना इन्सुलिनचे फार ऐकू न देणे, हे या संप्रेरकाचे निसर्गदत्त काम. लसिकापेशी मात्र याच संप्रेरकाने मरतात, म्हणून लसिकापेशींच्या कर्करोगावर ते चालते. एकाच रेणूची ही दोन कामे वेगळी काढणे आजवर साधलेले नाही. निरोगी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून वेळ मारून नेते. बाईंचे स्वादुपिंड आधीच थकलेले, ते कोठून आणणार?

आणि घड्याळ? सकाळी आठला घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा जोर दुपारी बारा ते चारच्या सुमारास सर्वाधिक असतो. बारा ते सोळा तासांत तो ओसरतो. म्हणून रात्रीतून साखर उतरते आणि सकाळी उपाशीपोटी ती साळसूद दिसते. बाईंच्या घरी ज्या एका वेळी यंत्र बाहेर निघे, त्याच वेळी चोर घरात नसे. डेक्सामेथासोन हे त्याच कुळातले औषध दीड-दोन दिवस टिकते. उलट्या थांबवण्यासाठी ते दिले असेल तर सकाळचाही आकडा चढलेला सापडतो. तेव्हा आकडा वाचताना कोणते औषध आणि किती वाजता घेतले हे शेजारी लिहिलेले नसेल तर तो आकडा जवळजवळ निरर्थक आहे.

या गोष्टीत एक गंमत आहे. डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी १९३६ साली माशांपासून मिळणारे प्रोटामिन इन्सुलिनमध्ये मिसळून त्याचा परिणाम लांबवला. १९४६ साली त्यांच्याच संस्थेत त्याचे सुधारलेले रूप, एन.पी.एच. इन्सुलिन, तयार झाले. हे तेच गढूळ दिसणारे इन्सुलिन, बाटली तळव्यांत घोळवून घ्यावी लागते ते. टोचल्यावर चार ते दहा तासांत त्याचा जोर शिगेला पोहोचतो आणि मग उतरतो. मधुमेहतज्ज्ञांना हा उंचवटा नेहमी खुपला. सपाट परिणाम देणारी नवी इन्सुलिने आली तसे ते मागे पडले. पण सकाळच्या प्रेडनिसोलोनचा उंचवटा आणि सकाळच्या एन.पी.एच.चा उंचवटा आलेखावर काढून पाहा. एकावर एक जवळजवळ बसतात. म्हणून स्टेरॉइडने चढणाऱ्या साखरेसाठी अनेक डॉक्टर आजही या जुन्याच इन्सुलिनकडे वळतात. नववी-दहावीच्या मुलांकडून हे दोन वक्र एकाच आलेखकागदावर काढून घेण्याजोगे आहेत.

दुसरी कथा याच्या अगदी उलट टोकाची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अपजॉन या अमेरिकन औषध कंपनीला कॅन्सस राज्यातील ब्लू रॅपिड्स गावच्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. त्यापासून एक प्रतिजैविक मिळाले, स्ट्रेप्टोझोटोसिन. प्रतिजैविक म्हणून त्याचे काही झाले नाही. कर्करोगावर उपयोगी पडते का हे पाहण्यासाठी त्याच्या चाचण्या सुरू झाल्या, तर जनावरांना एकाएकी मधुमेह होऊ लागला. १९६३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. निबंधाच्या तीन लेखकांपैकी दोघे रॅकिटेन आणि तिसरे आडनाव चक्क नाडकर्णी! निबंध छापला गेला तोही कर्करोगाच्या औषधांना वाहिलेल्या पत्रिकेत.

स्ट्रेप्टोझोटोसिनच्या रेणूची रचना पाहिली की उलगडा होतो. विषारी भागाला ग्लुकोजसारखा एक भाग जोडलेला आहे. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींच्या पृष्ठभागावर ग्लुकोज आत घेणारे दार असते. ग्लुकोजचा मुखवटा घातलेला हा रेणू त्याच दारातून शिरतो आणि आत गेल्यावर पेशीच्या डी.एन.ए.ची मोडतोड करतो. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत उंदरांना मधुमेह करण्याचे हे हमखास साधन झाले; मधुमेहाची कितीतरी औषधे प्रथम अशा उंदरांवर पारखली गेली. आणि मग कोणाच्या तरी मनात आले की बीटा पेशींना शोधून मारणारे विष बीटा पेशींच्याच कर्करोगावर का वापरू नये? अशा गाठी विरळ, पण भयंकर. त्या इतके इन्सुलिन ओततात की रुग्ण साखर उतरून बेशुद्ध पडतो. १९६८ साली लंडनच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडातील अशा पेशींच्या कर्करोगाच्या रुग्णाला स्ट्रेप्टोझोटोसिन दिल्याचे प्रसिद्ध केले आणि १९८२ साली अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळाली. माणसाच्या बीटा पेशी उंदराच्या मानाने या विषाला बऱ्याच दाद देत नाहीत, त्यामुळे रुग्णांना तीव्र मधुमेह क्वचित होतो. त्रास होतो तो मूत्रपिंडांना.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरले जाणारे ॲस्परॅजिनेज हे आणखी एक. १९५३ साली न्यूयॉर्कच्या जॉन किड यांना दिसले की गिनिपिगच्या रक्तद्रवाने उंदरातील काही गाठी नाहीशा होतात. त्यामागे हे विकर आहे हे १९६१ साली जॉन ब्रूम यांनी ओळखले. ते रक्तातील ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल संपवते आणि कर्कपेशींची उपासमार करते. उपासमारीचा हा खरोखर लागू पडणारा प्रकार! पण इन्सुलिनच्या ५१ अमिनो आम्लांच्या साखळीतही तीन ॲस्परॅजिन आहेत. प्रेडनिसोलोन आणि ॲस्परॅजिनेज एकाच वेळी चालू असताना, कधीही मधुमेह नसलेल्या मुलाचीही साखर काही आठवडे चढते, ती अशी दुहेरी कारणाने.

अशी साखर चढली तर बिघडते काय? थोड्या दिवसांचा तर प्रश्न, असे वाटणे स्वाभाविक आहे. २००४ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातून याबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र रक्तकर्करोगाच्या २७८ प्रौढ रुग्णांपैकी ३७ टक्क्यांची साखर पहिल्या महिन्यात चढली होती. त्यांच्यात गंभीर जंतुसंसर्ग जास्त आढळला आणि त्यांचे आयुर्मानही कमी भरले: मध्यक २९ महिने, इतरांचे ८८. हे वाचून कोणीही म्हणेल, साखर घट्ट आवळा, माणसे वाचतील. शास्त्र मात्र तेथे थांबत नाही. चढलेली साखर हे कारण आहे, की ज्यांचे शरीर मुळातच जास्त खचलेले त्यांची ती खूण आहे? हे ठरवायचे तर चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायला हवेत. त्याच केंद्राने ते केले. २०१२ साली निकाल आला: इन्सुलिन कडकपणे देऊन साखर सुधारली, आयुर्मान सुधारले नाही, चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्याआधी २००९ मध्ये अतिदक्षता विभागातील सहा हजारांवर रुग्णांच्या एका चाचणीत साखर १०८ च्या आत ठेवण्याचा हट्ट धरलेल्या गटात मृत्यू उलट जास्त झाले होते.

आमच्या मते या दोन निकालांना जेवढी प्रसिद्धी मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही. १९९३ साली पूर्ण झालेल्या डी.सी.सी.टी. या प्रसिद्ध चाचणीने साखर काटेकोर राखली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा वाचतात हे दाखवून दिले, आणि मधुमेह्यांच्या मनात तेच एक सत्य ठसले. पण तो लाभ वर्षानुवर्षांच्या शिस्तीतून हाती येतो. कर्करोगाच्या उपचारांचे चार-सहा महिने हा वेगळा हिशेब आहे. तेथे तहान-लघवी वाढू नये, शरीर कोरडे पडू नये, जंतुसंसर्गाला वाव मिळू नये आणि साखर एकाएकी खाली कोसळू नये एवढे साधले की पुष्कळ झाले. रुग्णालयात दाखल केलेल्यांसाठी साधारण १४० ते १८० हे लक्ष्य धरतात, ते याच विचाराने. आणि कोसळण्याचा धोका खरा आहे. उलट्या होत असताना, घास जात नसताना, नेहमीची गोळी किंवा नेहमीचे इन्सुलिन तेवढेच घेतले तर साखर ६० वर यायला वेळ लागत नाही. आपल्या मनाने प्रेडनिसोलोन सोडणे मात्र मुळीच योग्य नव्हे. ते कर्करोगाचे औषध आहे. बदलायचे ते मधुमेहाचे औषध, आणि तेही डॉक्टरांनी.

मधुमेहाच्या पाठपुराव्यात हल्ली ज्या तपासणीवर सर्वाधिक भिस्त असते ती एचबीए१सी. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांनी मधुमेह्यांच्या रक्तातील वेगळे हिमोग्लोबिन ओळखले, त्यातून ती आली. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवस असते, त्या मुदतीत हिमोग्लोबिनवर जेवढी साखर चिकटते त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी काढतात. पण कर्करोगाच्या औषधांनी तांबड्या पेशी घटतात, बाहेरून रक्त द्यावे लागते. मग ज्या पेशींवरून सरासरी काढायची त्या पेशी या रुग्णाच्या नसतातच, किंवा आठ दिवसांपूर्वी जन्मलेल्या असतात. अहवाल ६.१ आला म्हणून आनंदी होण्यात अर्थ नाही. पुन्हा बोटाचा थेंब आणि घड्याळ!

या दोन रोगांच्या सीमेवर आशा आणि भीती दोन्ही वेळोवेळी उसळल्या. २००५ साली स्कॉटलंडमधील नोंदींवरून दिसले की मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेह्यांना कर्करोग कमी होतो. लगेच ते कर्करोगावरचे स्वस्त औषध ठरणार अशी हवा झाली. २०२२ साली स्तनांच्या कर्करोगाच्या, मधुमेह नसलेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत त्याने काही फरक पडला नाही. उलट २००९ मध्ये ग्लार्जिन इन्सुलिनने कर्करोग होतो अशी शंका निघाली. २०१२ साली साडेबारा हजार लोकांवरील चाचणीने ती फेटाळली. नोंदींवरून काढलेले निष्कर्ष चाचणीत टिकतीलच असे नाही, हे दोन्हीकडून सिद्ध झाले.

नव्या औषधांनी जुनीच कथा नव्या रूपात सांगितली. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल ज्या शोधांसाठी मिळाले, त्यांतून प्रतिकारशक्तीचे लगाम सैल करून तिला कर्कपेशींवर सोडणारी औषधे आली. लगाम सुटलेली प्रतिकारशक्ती शंभरात साधारण एखाद्याच्या बीटा पेशींवरही तुटून पडते. काही आठवड्यांत इन्सुलिन जवळजवळ संपते आणि हा मधुमेह बहुधा परत जात नाही. अशा रुग्णाने थकवा, तहान, पोटदुखी ही कर्करोगाचीच लक्षणे समजून घरी पडून राहणे धोक्याचे आहे, कारण ही रक्तात आम्ल साठल्याची खूणही असू शकते आणि तेव्हा तासांचा प्रश्न असतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेही दहा कोटींवर आहेत. कर्करोग निदानाच्या वेळी ज्याला आधीच मधुमेह आहे असा माणूस आपल्या शिक्षकखोलीत, आपल्या चाळीत, आपल्या घरात असणारच.

बाईंचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्यांनी दुपारच्या आकड्यांचा कागद डॉक्टरांना दाखवला. चौथ्या फेरीपासून गोळीच्या पाच दिवसांपुरते सकाळी एन.पी.एच. इन्सुलिन सुरू झाले, भात ताटात परत आला. बाईंनी हजेरीपटासारखी एक वही आखली: गोळी किती वाजता, इन्सुलिन किती, काय खाल्ले, सकाळची साखर, दुपारी चारची साखर. चौथ्या फेरीत दुपारचा सर्वांत मोठा आकडा २१४ आहे. पण त्या वहीतली आम्हाला सर्वांत आवडलेली ओळ आकड्यांची नाही. प्रत्येक फेरीच्या सहाव्या दिवसाच्या रकान्यात, गोळी थांबते त्या दिवशी, बाईंनी लाल शाईने लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत: आज इन्सुलिन नाही.